वनिताच्या गालाची हाडं

"आमाला नको तुमचं आपरेशन," असं म्हणत काशीबाईंनी लेकीचा हात धरला आणि जव्हारच्या दवाखान्यातून तडक बाहेर पडल्या. त्यांच्या दोन्ही गालांवर निळ्या रेघा होत्या. त्या मी मारल्या होत्या. आता मी आजी झाले, तरी हे लिहिताना लाज वाटते.

मी जबड्याची सर्जन. ठाण्याहून आठवड्यातून एकदा जव्हारला जायचे. काशीबाईंची लेक वनिता मोखाड्याजवळच्या आश्रमशाळेत शिकवायची. तिचा खालचा जबडा पुढे आलेला, समोरचे दात एकमेकांवर बसतच नव्हते. असा जबडा कापून मागे सरकवतात. त्याआधी वर्षभर तारा लावतात. तारांनी दात सरळ होतात, पण चावा आधीपेक्षा बिघडतो. तो ऑपरेशननंतरच जुळतो. म्हणजे मधेच सोडलं तर पेशंटचे हाल.

वनिताच्या तारांचं वर्ष संपलं होतं. ऑपरेशन आठवड्यावर आलं, आणि बाईसाहेबांना, म्हणजे मला, कल्पना सुचली. एकाच भुलीत गालाची रुंद हाडंही आत घेऊ. चेहरा कसा नाजूक होईल! दाखवायला कवटी नव्हती. शेजारी आई बसली होती. मी मार्किंग पेन काढलं आणि सरळ तिच्या गालांवर रेघा मारल्या.

"हे बघ वनिता, हे असं रुंद दिसतं ना, ते घालवायचं."

काशीबाई म्हणाल्या, "म्हंजे पोर माझ्यासारखी दिसाया नको?"

"तसं नाही हो. फोटो छान येतील."

हे माझं उत्तर!

त्या गेल्यावर केसपेपर उघडला. पहिल्याच ओळीत, माझ्याच अक्षरात : 'समोरच्या दातांनी भाकरी तोडता येत नाही.' गालांबद्दल एक शब्दही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याहून जीप धरून त्यांच्या गावी, सूर्यमाळला गेले. काशीबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. रेघा पुसट झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. मी माफी मागितली. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, तुमची हनवटी आत हाय. ती नाय वढली कुणी पुढं?"

"नाही."

"का वो? तुमच्यात तर समदे डाक्टर."

"माझ्या वडिलांची आहे ती," मी बोलून गेले.

काशीबाईंनी आपल्या गालावरच्या पुसट रेघेवरून बोट फिरवलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

दारात उभी वनिता म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या दिवशीच सांगितलेलं. मला फक्त नीट खायचंय."

"तेवढंच करीन."

"लिहून द्या," काशीबाई म्हणाल्या. मी दिलं.

ठरल्या दिवशी जबड्याचं तेवढं केलं. सूज उतरली, हाड जुळलं. काही महिन्यांनी तपासणीला वनिता डबा घेऊनच आली आणि माझ्यासमोर नाचणीची भाकरी समोरच्या दातांनी तोडली. गाल होते तसेच, आईचे.

त्यानंतर मी एक नियम केला. पेशंटला काय त्रास होतो ते विचारायचं, आणि त्याचं बोलून होईपर्यंत आपला जबडा बंद ठेवायचा. जबड्याच्या सर्जनला हे शिकायला वयाची पंचेचाळीस वर्षं लागली.