आतोबांची दुपारी बाराची नदी

नद्या किती आटल्या याची इतकी काटेकोर नोंद ठेवणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आतेचे यजमान, निवृत्त गणित मास्तर. अठ्ठ्याण्णव साली, ऐन सत्तरीत त्यांना हा नाद लागला. दापोलीचा एक, पोफळीचा एक आणि देशावरचे दोन जुने विद्यार्थी त्यांना आपापल्या नदीचे आकडे पोस्टकार्डावर कळवत. पोफळीच्या कार्डावर मात्र त्यांचा राग, कारण वीजघरातून सुटलेलं पाणी त्यातून वजा करावं लागे. "देशावरची नदी आणि आपली नदी एका मापाने मोजायची नाही रे," ते जेवताना मला सुनावत. "प्रत्येक नदी तिच्या स्वतःच्या सवयीशी ताडून बघायची. एरवी किती असते, आज किती खाली गेली!" तोवर आमटी निवलेली असे.

आमची नदी ते स्वतः मोजत, रोज दुपारी बाराला. गुडघ्यांमुळे वरच्या कोंडीपर्यंत, म्हणजे नदीच्या डोहापर्यंत चढवत नसे, म्हणून मोजपट्टी त्यांनी खालच्या पुलाच्या खांबाला रंगवली होती. धाकट्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्तही बाराचाच होता. मंगलाष्टकांच्या फोटोत सगळे आहेत, वधूपिता तेवढा नाही. भर उन्हाळ्यातही दर पंधरा दिवसांनी नदी दोन दिवस वर येते, हा त्यांचा लाडका शोध. "हिला आतून झरे आहेत," असं ते ज्याला-त्याला सांगत. सहा वर्षांचा तक्ता त्यांनी मोठ्या अभिमानाने तहसील कचेरीत नेऊन दिला.

त्याच तक्त्यावर बोट ठेवून साहेबांनी वरच्या वाडीचा टँकर कापला. नदीला पाणी आहे, मग टँकर कशाला? टँकरच्या गावांची शेवटची यादी ठरायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. वाडीतल्या बायका वरच्या कोरड्या पात्रात खड्डे खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. त्यांतली एक हंडा घेऊन थेट पुलावर आली. अमावास्या होती, बाराचा सुमार, पट्टीवर पाणी चढत होतं.

"मास्तर, ह्या पानी कंदी चाखून बगितलाव काय?"

आतोबा पुलाखाली उतरले, ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि तसेच उभे राहिले. पाणी खारट होतं. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाणाच्या भरतीने खाडी पुलापर्यंत येते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सहा वर्षं या माणसाने नदी म्हणून समुद्र मोजला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते गप्प राहिले असते तर तक्ता वाचला असता. साहेब त्यांची तारीफ करत असतानाच ते उठले. "साहेब, माझे आकडे चूक आहेत. सगळे. टँकर पाठवा." कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या माणसाचा मला अजून राग येतो. साहेबांनी तक्ता बाजूला सारला आणि वाडीचं नाव यादीत घातलं.

परतताना एसटीत त्यांनी तिकिटाच्या पाठीवर रेघा आखायला घेतल्या. मग म्हणाले, "आता कोंडीपाशीच पट्टी लावतो, तिथे खाडी पोचत नाही. सरासरीवर भरवसा ठेवायला किती वर्षांचे आकडे लागतील रे?"

"पंधरा तरी," मी म्हणालो. त्यांनीच शिकवलेलं गणित होतं.

ते शहात्तर वर्षांचे होते. मांडीवर हात ठेवून हळूच बोटांवर वर्षं मोजू लागले. मी पाच म्हणायला हवं होतं.