मायचं वजन उतरेपर्यंत

आमच्या वस्तीत जाड म्हणावी अशी बाई एकच होती, ती म्हणजे माझी माय. आणि तिला त्याचा कोण अभिमान! अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचण्यात गेलं, ज्वारीच्या कण्यांवर दिवस काढले. मग मी दिग्रसला मास्तरीण झाले, घरात पगार आला आणि माय पोटभर जेवायला लागली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच तिनं उपास सोडले होते. म्हणायची, "देवासाठी धरले ते थोडे, दाणा नव्हता म्हणून घडले ते लय. आता एकबी नाही करत, मेली तरी."

अशा बाईला डॉक्टरनं सांगितलं, कमी खा.

झालं असं, की तिच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली होती. निजली की आत जायची, उभी राहिली की बाहेर. जिल्हा परिषद नवी नवी आली त्या सुमारास ती संत्र्याएवढी झाली. सरकारी दवाखान्यात पुण्याकडचा एक तरुण डॉक्टर आला होता. त्यानं मायच्या पोटाला सरळ हात लावून तपासलं. यात काय विशेष, असं आज कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! आधीचा डॉक्टर आमच्या माणसांना दारातूनच जीभ दाखवायला सांगायचा. म्हणून माय अडून बसली, "कापाचं तर यानंच कापावं. यवतमाळले मले कोण ओळखते?"

"कापतो," डॉक्टर म्हणाला, "पण आधी वजन उतरवा. एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत, आणि भूल देणंही धोक्याचं. मात्र फार वेळ नाही. आतडं एकदा गाठीत अडकलं, तर बाई हातची जाईल."

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. रात्री उठून माय श्वास घेते की नाही ते पाहायची. कॅलरी म्हणजे काय, हे डॉक्टरनं मला समजावून सांगितलं होतं. दिवसाला बाराशे. भाकरीच्या इतक्या, वरणाच्या इतक्या, तेलाच्या चमच्याच्या इतक्या. मी गणिताची पक्की. म्हटलं, त्यात काय!

पण वजन करायचं कुठं? दवाखान्याचा काटा मोडका. शेवटी कापसातली सरकी काढायच्या जिनातल्या ओळखीच्या चौकीदाराला गळ घातली आणि कापूस तोलायच्या काट्यावर मायला उभं केलं. "मले काय कापसाचा बोजा समजली काय वं?" ती म्हणाली आणि लाजून पदरानं तोंड झाकून घेतलं. महिन्याभरानं पुन्हा गेलो तर वजन उतरलेलं नाहीच, उलट थोडं चढलेलं! मी तिथंच भडकले. "चोरून खातं तू!" माय रडली. माझी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी तिच्या ताटातली भाकर फडक्यात बांधून मी डॉक्टरपुढं ठेवली. तो पाहातच राहिला. "ही एक भाकरी?"

"एकच."

"अहो, ही भाकरी आहे की परात?"

त्यानं सगळा हिशेब त्याच्या घरच्या तळहाताएवढ्या भाकरीवर मांडला होता. मायची एक म्हणजे त्याच्या तीन! तेव्हापासून तिच्या ताटात एकेक तुकडा पडायला लागला. पहिल्या दिवशी तिनं ताटाकडं पाहिलं नि म्हणाली, "घरात कोनी मेलं काय, एवढीशी भाकर वाढाले?"

वस्तीतल्या बायकांना तर विषयच मिळाला. शेजारची मावशी दारात येऊन म्हणाली, "दीक्षा घेतली अन् पुन्हा उपास धरले काय वं?" मायचं तोंड उतरलं. मीच मावशीवर खेकसले. कंबर मोडेपर्यंत राबणारी माणसं आम्ही, आमच्यात कमी खाणं हे शहाणपण कोणाला पटणार? पण पुढच्या महिन्यात काटा खाली आला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात राजकारण आडवं आलं. जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या सभापतींनी बाजारात सभा घेतली. "दवाखाने शहरातल्या लोकांसाठी आहेत काय? आरोग्य खेड्यात गेलं पाहिजे!" मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला पटलंच ते. खेड्यात बाया बाळंतपणात मरतात ते मी पाहिलं होतं. पण आरोग्य खेड्यात गेलं म्हणजे काय झालं? आमचा डॉक्टर आणि ऑपरेशनचं टेबल सभापतींच्या स्वतःच्या गावात गेलं. यवतमाळच्या रस्त्यावर तिथं नवं आरोग्य केंद्र झालं होतं. डॉक्टर जाताना म्हणाला, "घाबरू नका. तिथंच करू. सोमवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या."

सोमवारी पहिल्या एस.टी.नं गेलो. इमारत कोरी करकरीत, उद्घाटनाचं तोरण दारावर सुकलेलं, आणि दाराला कुलूप. तिथला चौकीदार म्हणाला, "डॉक्टर? त्याले काल उमरखेडकडे पाठवलं. तिकडच्या मेंबरनं वरून ऑर्डर आनली."

रांडेच्यांनो, असं मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. मास्तरीण असून. चौकीदार बिचारा आत पळाला. मायची गाठ आदल्या रात्रीपासून आत जात नव्हती, आणि एस.टी.त ती दोनदा ओकली होती. घाबरून मला दुसरं सुचेना. मी मायला म्हटलं, "चाल घरी. काही खाऊन घे, मंग पाहू."

"कायले खाऊ?" माय पायरीवरून उठली. "पोट रिकामं आहे ते वाया घालवतं काय? यवतमाळची गाडी थांबव."

"तिथं आपलं कोनी नाही, माय!"

"मंग काय इथं आहे?"

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ना चिठ्ठी ना ओळख. दुपारपर्यंत बाकावर. मायचं अंग घामानं थंड पडलं तेव्हा एका नर्सनं आरडाओरडा करून सर्जनला आणलं. त्यानं गाठ दाबली आणि माझ्याकडं रागानं पाहिलं. "इतके दिवस काय करत होता?" काय सांगणार? भाकर मोजत होतो?

स्ट्रेचरवर मायनं माझा हात धरला. "मी नाही उठली तरी जेवजो. माझ्यामांग उपाशी नको राहू. आयकलं काय?"

मी मान हलवली. दार बंद झालं. व्हरांड्यात कोणीतरी पोळी-भाजी पुढं केली, ती मी तशीच बाकावर ठेवून दिली.

दिवे लागल्यावर तिला बाहेर आणलं. तोंड पांढरंफटक. बऱ्याच वेळानं डोळे किलकिले झाले, ओठ हलले. मी वाकले.

"जेवली काय वं?"

"जेवली, माय."

"खोटारडी कुठली," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.