पिवळ्या केळ्यांची जाहिरात

आमच्या घरात जाहिरातीवर अविश्वास दाखवण्याची पद्धत नाही.

टीव्ही आला तेव्हा तो काळापांढरा होता आणि त्यात एकच चॅनल होतं. गल्ली रविवारचा सिनेमा बघायला जमायची, बाबा मात्र जाहिराती बघायला बसायचे. सिनेमा सुरू झाला की ते पाणी प्यायला उठत आणि जाहिरात लागली की धावत परत येत. पडद्यावर एक बाई दात दाखवून हसायची आणि बाबा थक्क होऊन म्हणायचे, "पहा, किती मनापासून सांगून राह्यली! आपल्या दातांचं तिले काय पडलंय? तरी सांगते बिचारी!" ओळख ना देख, कुणीतरी दिल्ली-मुंबईहून आपल्या दातांची, केसांची, धोतराची काळजी करतंय याचं त्यांना फार अप्रूप वाटायचं. मधूनच देशाच्या एकात्मतेवर छोटी फिल्म लागायची. बाबा तीही जाहिरातच समजत आणि मान डोलावत, "हे चांगलं आहे. घेऊन टाकू!" (मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू सगळ्या आमच्या गल्लीत एकाच नळावर भांडत असल्यामुळे तो माल आमच्याकडे आधीच भरपूर होता.)

मला हसायचा अधिकार नाही, कारण मी बाबांच्या दोन पावलं पुढे होतो. रंगीत टीव्हीवर पहिल्यांदा सरबताचा ग्लास दिसला तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरलो. त्या ग्लासावरचे थेंब! आमच्या घरात ग्लास होते, पाणीही होतं, पण असे थेंब कधी आले नव्हते. पूर्वीच्या जाहिरातीत माणूस वस्तू हातात धरून तिची माहिती सांगायचा. आता वस्तूच सजूनधजून येत होती आणि माणसं तिच्याभोवती नाचत होती. हे जग कोण बनवतं, या विचाराने मी वेडापिसा झालो होतो.

मग आमच्या बुऱ्हाणपुरात केबल आली. केबलवाल्या पप्पूभैयाने गाव आणि आसपासच्या खेड्यांपुरतं एक चॅनल सुरू केलं आणि त्यावर गावातल्या दुकानांच्या जाहिराती दिसू लागल्या. त्यातली सर्वांत भारी जाहिरात एका साडीच्या दुकानाची होती. 'अब दुकान में पंखा भी है', एवढी पट्टी खालून सरकत जायची. तेवढ्यावर दुकानात गर्दी उसळली!

आई तेव्हा घरी केळीचे वेफर्स तळून विकायची. आमची बाग जवळच्याच फोपनार गावात, घर बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या वाटेवर, त्यामुळे केळ्यांना तोटा नव्हता. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो, म्हणजे रिकामा होतो. मी जाहीर केलं, "आईच्या वेफर्सची जाहिरात मी बनवणार. थेट आपल्या बागेत!"

पप्पूभैया लग्नाची शूटिंग करायचा तो कॅमेरा घेऊन फोपनारला आला. आई लग्नातला शालू नेसून, हातात वेफर्सचं पाकीट धरून केळीखाली उभी राहिली. पप्पूभैयाने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भैया, सब हरा हरा दिख रहा है. झाड़ हरा, पत्ता हरा, केला हरा. केला कौनसा है, यही समझ में नहीं आ रहा."

आता खानदेशाकडच्या केळीची गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बागेत पिवळं केळं दिसत नाही. घड हिरवा असतानाच कापतात, तो ट्रकने दिल्लीकडे जातो आणि तिकडे पिकतो. झाडावर घड पिवळा दिसला तर माल गेला! तो अर्ध्या वाटेतच सडणार, म्हणून व्यापारी त्या बागेकडे फिरकत नाही. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मी तर केळीतच वाढलेला.

आणि मी म्हणालो, "घड पिवळे रंगवू!"

बाबा दचकले. "पिवळे? कायले? वेफर्स तर कच्च्या केळ्याचेच होतात ना रे!"

"बाबा, टीव्हीवर हिरवं केळं कधी पाहिलं तुम्ही?"

बाबांनी डोकं खाजवलं. टीव्हीचा विषय आला की त्यांचा विरोध टिकत नसे. "नाही बुवा," ते हळूच म्हणाले. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला पिवळा रंग शेडात उरला होता, तो त्यांनी स्वतःच आणून दिला. पुढच्या ओळीचे घड मी असे रंगवले की सोन्याचे वाटावेत. आई कॅमेऱ्याकडे बघून "माझे वेफर्स खा" असं म्हणाली. ती विनंती नव्हती, हुकूम होता.

जाहिरात लागली त्या संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर पिवळेधमक घड झळकले आणि त्यांच्यामधून आई प्रकट झाली. देवाशपथ सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. रोज कढईपुढे घामाघूम होणारी आपली आई, त्या चकाकत्या जगात! बाबांचे डोळे भरून आले. आई तेवढी म्हणाली, "पदर नीट नव्हता घेतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी धूलकोटहून मावशी आणि काका पहिल्या बसने आले. मावशीने दारातच आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"कसं झालं वं बाई असं! सारी बाग पिकली!"

काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, धीर धरा. आम्ही टीव्हीवर पाह्यलं. अशा वख्ती वेफर्स विकायची पाळी आली तुमच्यावर!"

बाबा समजावत होते, पण ऐकतो कोण? दुपारपर्यंत निम्मं फोपनार सांत्वनाला येऊन गेलं. शेजारच्या काकूंनी तर आमच्यासाठी पिठलं-भाकरी पाठवली. (दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून!) आईने ती निमूट ठेवून घेतली, कारण सांत्वनाला आलेल्यांना चहा करता करता तिला खरोखरच स्वयंपाकाला वेळ मिळाला नव्हता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण संध्याकाळी आमच्या शेठजींचा निरोप आला. आमचा माल दरवर्षी तेच उचलायचे. सोमवारी त्यांची गाडी येऊन कापणी व्हायची होती. निरोप होता की गाडी दुसऱ्या बागेला लावली आहे. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. घड भरले होते. आणखी आठवडा गेला असता तर बाग खरोखरच झाडावर पिवळी झाली असती, माझ्या रंगाशिवाय! वर्षभराची मेहनत त्या घडांना लटकत होती.

आम्ही बापलेक धावत शेठजींच्या गादीवर गेलो.

"शेठ, माल हिरवागार आहे! तो रंग होता, बैलाच्या शिंगाचा!" बाबा काकुळतीला आले.

"पाटील, मैंने अपनी आँखों से देखा है. टीव्ही पे."

"बागेत येऊन पहा ना!"

शेठजी नाइलाजाने आले. त्यांनी रंगवलेला घड दाबून पाहिला, नखाने खरवडला. नख पिवळं झालं. बाबांनी एक केळं मोडून दाखवलं, तर त्याचा चीक उडून शेठजींच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर पडला. (केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही, हे टीव्हीवरची साबणवाली बाईसुद्धा कबूल करेल.) शेठजींनी डाग बोटाने घासून पाहिला.

"माल हरा है," ते शेवटी म्हणाले. "मैं मान गया. लेकिन दिल्लीवाली पार्टी का आदमी यहीं लॉज में ठहरा है. उसने भी देखा है. मेरी कौन सुनेगा? टीव्ही पे बोला है, तो टीव्ही पे ही बोलना पड़ेगा."

काय ही ताकद! तीस वर्षांचा व्यवहार, डोळ्यांसमोरचा घड, सदऱ्यावरचा डाग, हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात पप्पूभैयाचा लग्नातला कॅमेरा, आणि तेच पारडं जड! मी मनातल्या मनात जाहिरातीला हात जोडले.

रविवारी पुन्हा शूटिंग. या वेळी रंग नाही, शालू नाही, सरबताचे थेंब नाहीत. बाबांनी बागेतल्या हिरव्या घडाचं एक केळं तोडलं, कसंबसं सोललं आणि माझ्या हातात दिलं.

"खा."

"कच्चं?"

"पिवळा रंग तूच दिला ना? खा आता! पूर्ण!"

कॅमेरा सुरू झाला. मी घास घेतला. कच्च्या केळ्याचा तुरटपणा शब्दांत सांगता येत नाही, तो चेहऱ्यानेच सांगावा लागतो. जीभ टाळूला चिकटली, एक डोळा मिटला, ओठ कानाकडे निघाले आणि मला म्हणायचं होतं 'माल कच्चा आहे', त्याऐवजी घशातून नुसताच एक आवाज निघाला. पप्पूभैया हसून हसून खाली बसला, पण कॅमेरा त्याने हलू दिला नाही.

त्या संध्याकाळी ती जाहिरात तीनदा दाखवली. सोमवारी सकाळी गाडी बागेत उभी! गाडीबरोबर दिल्लीचा माणूसही आला होता. त्याने घडांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "माल देखने की ज़रूरत नहीं. लड़के का मुँह देख लिया था." हिरवे घड ट्रकमध्ये चढताना बाबा हात जोडून उभे होते. ते देवाला होते की पप्पूभैयाला, ते मला अजून कळलेलं नाही.

आता जाहिराती खिशातल्या फोनमध्ये आल्या आहेत. मी मनात चपलेचा विचार केला की फोन चपला दाखवतो आणि मी अजूनही तितकाच थक्क होतो. बायको मात्र होत नाही. तिने मला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच कच्च्या केळ्याच्या जाहिरातीत. आमच्या लग्नाची बोलणी सुरू होती तेव्हा तिच्या घरच्यांनी विचारलं, 'मुलगा दाखवू का?' ती म्हणाली, 'टीव्हीवर पाहिलाय.' आता कुणी विषय काढला की ती शांतपणे सांगते, "आजवर हजार जाहिराती बघून वस्तू घेतल्या. जाहिरातीत दाखवलं तसंच तोंड घरी आल्यावरही निघालं, असं फक्त यांचंच झालं!"