आभाळाकडं बघत बोलणाऱ्या काकू

मलकापुरात आमच्या शेजारच्या काकू माझ्याशी बोलतात, पण बघतात आभाळाकडं. परसात कोंबड्या मोकळ्या सोडल्या, की घारीच्या धाकानं त्यांची नजर खाली उतरत नाही. बोलता बोलता मधेच "हाऽड!" म्हणून ओरडतात आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू करतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले. मीही मदतीला होते. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, तेवढ्यात परसात कोंबडी कर्कश ओरडली. ट्रे माझ्या हातात कोंबून काकू अनवाणीच धावल्या. घार झेपावली होती. काकूंनी सरळ पिलांवर अंग टाकलं. घारीनं त्यांचा दंड ओरबाडला, पण ती रिकामीच उडाली.

काकू परतल्या त्या विस्कटलेल्या केसांनी, पदरात एक पिल्लू धरून. दंडातून रक्त येत होतं. लेकीनं मान खाली घातली. आता पाहुणे उठून जाणार, असंच मला वाटलं.

"चा गार झाला असंल न्हवं?" काकू ओशाळून म्हणाल्या.

मुलाची आई खरंच उठली. तिनं आपला पदर पुढं केला.

"पिल्लू हिकडं द्या. तुमी आदी हळद लावून घ्या, इहीणबाई."