बापाची काडतुसं

लाइल हचेन्सने चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. या धंद्यातल्या माणसाला एक खोड लागते. कुठे जरा काही गुरगुरलं की त्याचा कान तिकडे जातो. चौसष्टाव्या वर्षी दुकान बंद करून तो बायकोला, म्हणजे डोरीनला, घेऊन शिडाच्या बोटीवर राहायला गेला, तेव्हा ही खोड फ्लोरिडातच ठेवून यायला हवी होती. ती काही सुटली नाही.

बोटीचं नाव ‘विलो’. छत्तीस फुटांची, जुनी, पण लाइलने तिचा एकेक स्क्रू हाताने घासलेला. बेटांच्या सफरीवर निघायला महिना उरला असताना बातमी आली, की त्यांच्या ओळखीच्या एका जोडप्याची बोट ग्रेनाडाहून त्रिनिदादला जाताना लुटली गेली. होडीतून माणसं आली, बंदुका दाखवल्या, रेडिओपासून चपलांपर्यंत सगळं नेलं. जिवाला धक्का लागला नाही, पण लाइलची झोप उडाली ती उडालीच. बसल्या जागी पाय हलवायचा, उठायचा, दोऱ्या तपासायचा, परत बसायचा.

“आपण बंदूक घेऊ,” एका सकाळी तो म्हणाला.

“आपण म्हणू नकोस,” डोरीन म्हणाली. “तू बंदूक घेणार आहेस. मी कॉफी घेणार आहे.”

डोरीन शाळेची बस चालवायची. पन्नास पोरं मागे बोंबलत असताना पुढचा रस्ता बघायची तिला सवय होती, त्यामुळे नवऱ्याच्या बोंबलण्याचं तिला काही विशेष वाटत नसे. पण बंदुकीचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलायचा. “तुला आठवतं ना, तू कचऱ्यात तोंड घालणाऱ्या रॅकूनला मारायला गेलास आणि शेजाऱ्यांचा बंब फोडलास?” हा तिचा ठरलेला टोमणा.

तरी लाइल गावातल्या वेन्डेलच्या दुकानात खेटे घालायला लागला. पिस्तूल घ्यावं, तर वाटेतल्या अर्ध्या बेटांवर पिस्तुलाचं नाव काढताच पोलिसांच्या कपाळाला आठ्या. रायफल घ्यावी, तर लांबचा नेम हवा, आणि डुलत्या बोटीवरून लांबचा नेम म्हणजे देवाचा धावा. शिवाय दाराच्या चौकटीत अडकणारी लांबलचक नळी. उरली छऱ्याची बंदूक. जवळून मारायची, फार नेम नको, आणि ती नुसती दिसली तरी समोरच्याची पाचावर धारण बसते. खाऱ्या हवेत कुठली गंजेल, कुठली टिकेल, यावर लाइलने तीन आठवडे घालवले. शेवटी चकचकीत चांदीसारखा मुलामा दिलेली एक निवडली. ही आयुष्यभर गंजणार नाही, असं वेन्डेलने छातीवर हात ठेवून सांगितलं.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत लाइलने ती चालवून बघितली. वेन्डेल पोट धरून हसला. “अरे लेका, चाप ओढताना डोळे कशाला मिटतोस? चोर आहे, बायको नाही तुझी!”

“मिटले नाहीत.”

“घट्ट मिटलेस. दर वेळी.”

काडतुसं मात्र लाइलने विकत घेतली नाहीत. बापाचा एक डबा गराजमध्ये होता. जुनी, जाड कागदी नळीची काडतुसं. बाप बदकांच्या शिकारीला न्यायचा. ती बघितली की लाइलला बापाचा हात खांद्यावर असल्यासारखं वाटायचं. बंदुकीचं लोखंड गंजू नये म्हणून ज्याने तीन आठवडे डोकं फोडलं, त्या शहाण्याला कागद दमट होतो हे सुचलं नाही. दुसऱ्याच्या फ्रिजमधलं पाणी याला दहा फुटांवरून कळायचं, बरं का!

निघायच्या आदल्या दिवशी डोरीनने ती बंदूक बिछान्याखालच्या खणात बघितली. ओरडली नाही. बाजूला बसली आणि म्हणाली, “एकच वचन दे. मी ‘मार’ म्हटल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही.”

“आणि तू म्हणालीसच नाहीस तर?”

“तर लावायचं नाही. नाहीतर मी इथेच उतरते, तू एकटा जा. मी थट्टा करत नाहीये, लाइल. ज्या माणसाने कुणाला मारलंय त्याच्या शेजारी मला झोपायचं नाहीये.”

लाइलने वचन दिलं. मनापासून दिलं, हे सांगायला हवं.

पुढचे सहा महिने बेटामागून बेटं गेली. प्रत्येक बंदरात बंदूक पोलिसांकडे जमा करायची आणि निघताना त्याच बंदरात परत येऊन घ्यायची. शेजारच्या बोटींवरचे लोक चिडवायचे, “काय लाइल, धाकटी अजून कोठडीतच का?” तोही हसायचा. पण बंदूक जवळ नसली की त्याला चैन पडायचं नाही, आणि जवळ असली की अजिबातच पडायचं नाही. होडीचं इंजिन ऐकू आलं की उठून बसायचा. बहुतेक वेळा कुणीतरी कलिंगडं विकायला आलेला असायचा.

जूनमध्ये वादळांच्या आधी सगळ्या बोटी त्रिनिदादकडे निघतात. ‘विलो’ही निघाली. सकाळी आठच्या सुमाराला समोर त्रिनिदादचे हिरवे डोंगर दिसायला लागले. वारा पडला होता, म्हणून शिडं उतरवून इंजिनावर चालले होते. डोरीन सुकाणूवर होती. उजवीकडे, फार लांब नाही, खडकांवर पाणी फुटत होतं.

तेवढ्यात किनाऱ्याकडून एक होडी सुसाट त्यांच्या अंगावर आली. तीन माणसं. पुढे एक म्हातारा उभा, हातात काहीतरी लांब, काळं. तिघेही हात हलवून ओरडत होते.

“डोरीन, वेग वाढव!”

“काय म्हणतायत ते?”

लाइल खाली गेला आणि बंदूक घेऊन वर आला. होडी त्यांच्या वाटेत आडवी घुसली. म्हाताऱ्याने हातातली ती काळी वस्तू वर उचलली.

“लाइल, थांब!” डोरीन ओरडली. “थांब, मी काही म्हटलेलं नाही!”

त्याच क्षणी ‘विलो’ला हिसका बसला. इंजिन घरघरलं, घुसमटलं आणि बंद पडलं. एकदम शांतता. म्हाताऱ्याच्या हातात काळं फडकं बांधलेला बांबू होता. जाळ्याची खूण. इतका वेळ ती माणसं जीव तोडून एवढंच सांगत होती, की बाबांनो, पुढे आमचं जाळं आहे, वळा. आणि ‘विलो’च्या बुडाखालच्या पंख्याने ते जाळं गच्च गुंडाळून घेतलं होतं.

होडी बंदूक बघून मागे हटली होती. इकडे पाण्याचा प्रवाह ‘विलो’ला खडकांकडे ओढायला लागला. शिडं उभारावीत तर वाऱ्याचा पत्ता नाही. नांगर टाकावा तर खाली तळच लागेना. लाइल बंदूक धरून नुसता खडकांकडे बघत होता. डोरीनने त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली, खाली ठेवली, आणि दोन्ही हात वर करून होडीला हाक मारली.

म्हातारा आला. त्याचं नाव सिल्बर्ट. सत्तरीचा, काटक, समोरचे दोन दात गायब. त्याने दातात सुरी धरली, पाण्यात उतरला आणि बोटीखाली गेला. वर येई, श्वास घेई, परत खाली. सहा वेळा. स्वतःचं जाळं तो स्वतःच्या हाताने कापत होता. बाकीच्या दोघांनी तोवर दोर बांधून ‘विलो’ला खडकांपासून ओढून धरलं.

मग तो ‘विलो’च्या कठड्यावर बसून डोरीनने दिलेली कॉफी प्यायला. “कॅप्टनला आम्ही लुटारू वाटलो होय?” तो म्हणाला. “अरे, लुटारूंकडे असली भिकार होडी असते का?” त्याचे दोघे साथीदार खो खो हसले. डोरीन हसता हसता रडली. जाळ्याची भरपाई कशी करू म्हणून लाइलने विचारलं, तर सिल्बर्ट म्हणाला, “रविवारी घरी जेवायला या. हे सगळं माझ्या बायकोला, हॅरिएटला, सांगा. नाहीतर जाळं कुठे गेलं, या प्रश्नाचं माझं उत्तर ती खरं मानायची नाही.”

होडी गेल्यावर डोरीनने विचारलं, “चापाला बोट लावलं होतंस?”

“नाही,” लाइल म्हणाला. “नुसती दाखवली.”

दुपारी बंदरात पोचल्यावर बंदूक जमा करायला गेले. कचेरीत टेबलामागे मिसेस जॉयेट नावाच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी बंदूक रिकामी केली, काडतुसं एका रांगेत उभी केली आणि मोजता मोजता थांबल्या. एक काडतूस उचलून त्यांनी उजेडाकडे धरलं.

“हे मारलंय, मिस्टर हचेन्स.”

“नाही हो, भरलेलंच आहे ते.”

“भरलेलं आहे, पण मारलंय. हे बघा.” बुडाच्या मधोमध एक बारीक खळगा पडला होता. “चाप ओढला, टोला बसला, पण दारू ओली. कागदी आहेत ना ही? ओलीच होणार. कुणावर ओढलात?”

डोरीनने हात पुढे करून ते काडतूस घेतलं. अंगठा त्या खळग्यावरून एकदा फिरवला, परत एकदा फिरवला, आणि काडतूस टेबलावर ठेवलं.

“यांच्या वडिलांची आहेत,” ती बाईंना म्हणाली. “जुनी आहेत.” पावती तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकली. बोटीवर आल्यावर तिने आपली उशी उचलली आणि पुढच्या खोलीत नेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं लाइलला फार वाटलं.

रविवारपर्यंत ती कामापुरतं बोलली. लाइलने बोटीवरचा प्रत्येक नट आवळला, मग सैल करून परत आवळला. रविवारी सकाळी डोरीन तयार होऊन वर आली.

“चल. आज तू त्यांना सांगणार आहेस.”

“काय सांगू?”

“तुला माहीत आहे काय.”

सिल्बर्टची बायको हॅरिएट दारातच उभी होती. ठेंगणी, हात कणकीने भरलेले. तिने लाइलचे दोन्ही हात धरले आणि सोडीचना. “तूच ना तो? बंदूक रोखलीस आणि मारली नाहीस! दुसरा कुणी असता तर माझा म्हातारा आज घरात नसता. देव तुझं भलं करो.”

डोरीनने मान वळवली. लाइलला तिथून धूम ठोकावीशी वाटली. त्याने कसेबसे हात सोडवले आणि मागच्या अंगणात सिल्बर्ट नवं जाळं विणत बसला होता तिकडे गेला. उभ्या उभ्याच, एका दमात बोलला, “सिल्बर्ट, तिला सांगा. मी चाप ओढला होता. वाजली नाही, एवढंच.”

सिल्बर्टने गाठ पुरी मारली. “ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“तू डोळे मिटलेस, कॅप्टन. नुसता धाक दाखवणारा माणूस डोळे मिटत नाही.”

लाइल त्याच्यासमोर जमिनीवर बसला. “मग पाण्यात का उतरलात? माझ्याच बोटीखाली?”

“बोट खडकावर चालली होती. वर बाई होती.” सिल्बर्टने खांदे उडवले. “आणि ते पाचच मिनिटांचं काम. नंतर घरी येऊन हात कापायला लागले माझे, तो भाग वेगळा. अजून कापतात. हे बघ, तीन गाठी चुकल्यात सकाळपासून.”

जाळ्यात तीन ठिकाणी खरंच वाकड्या गाठी होत्या. लाइल त्यांच्याकडे बघत राहिला. पाय हलवायचं तो विसरला होता.

“मला माफ करा,” तो म्हणाला.

“बघू,” सिल्बर्ट म्हणाला. “आज नाही जमत. आधी जेव. पण आत तिच्यासमोर यातलं एक अक्षर काढायचं नाही. तिला आधीच झोप कमी.”

आतून हॅरिएटने हाक मारली. टेबलावर भात होता, माशाचं कालवण होतं, कलालूची हिरवी भाजी होती. तिने पहिलं ताट लाइलला वाढलं, मोठा तुकडा निवडून, आणि म्हणाली, “पोटभर खा रे बाबा. तुझ्यासारखी माणसं कमी झाली.”

लाइलने ताट घेतलं. समोर बसलेली डोरीन त्याच्याकडे बघत होती. तो मान खाली घालून जेवायला लागला, आणि हॅरिएट त्याला वाढत राहिली.