चामीचं हसणं

भात उकडून वाळवणं हा वेसूचा धंदा, नारळावर चढणं हा तिचा नवरा चामी याचा. केरळात निळा नावाच्या नदीच्या काठी त्यांच्या गावात नंबीशन सार (तिकडे 'सर'ला सारच म्हणतात) सिनेमा काढायला आले, तेव्हा गोष्टीतला मेलेला बाप म्हणून त्यांनी चामीला निवडलं. माणूस काटकुळा होता आणि सांगाल तितका वेळ पडून राहायचा. एवढ्या दोन गुणांवर तो नट झाला.

वेसूनं घर डोक्यावर घेतलं. "अहो, लाज नाही वाटत? मी धडधाकट बसलेय आणि तुम्ही निघालात केळीच्या पानावर प्रेतासारखे आडवे व्हायला! दक्षिणेला डोकं, उशाला दिवे!"

"अगं, पडायचंच तर आहे. झाडावर कुठे चढायचंय?" चामी म्हणाला.

पण सिनेमावाल्यांचाही एक रिवाज आहे. कॅमेऱ्यासमोर जो मरतो, त्यानं लगेच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अभद्र टळतं. नंबीशन सार फिल्मच्या बाबतीत महाचिक्कट, तरी हे त्यांनी चुकवलं नाही. चामी उठून बसला आणि असा खदाखदा हसला, की सगळा ताफा हसत सुटला. वेसूचा जीव भांड्यात पडला. तरीही तिनं तो सिनेमा पाहिला नाही. गावानं पाहिला, दिल्लीनं बक्षीस दिलं, पण ही बाई हटून बसली ती बसलीच.

पुढे बऱ्याच वर्षांनी चामी तापानं गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. दिवस गेले तसा वेसूला त्याचा चेहरा आठवेनासा झाला, आणि याची तिला मरणाची भीती वाटू लागली. डोळे मिटले की कान दिसायचे, मिशी दिसायची, पण माणूस काही जुळून यायचा नाही. मग एक फणस डोक्यावर घेऊन ती शोरणूरला नंबीशन सारांच्या दारात उभी राहिली.

"सार, ते हसलेले, तेवढं मला एकदा दाखवा."

म्हातारे सार खरं बोलणारे. "वेसू, ते तुकडे सिनेमात घेत नाहीत. कापून टाकतात. मीच टाकला."

"मेलेला ठेवलात आणि हसता तेवढा टाकलात?"

रविवारी गावच्या वाचनालयात तोच सिनेमा दाखवणार आहेत, एवढं सारांनी सांगितलं. "पण त्यात तो मेलेलाच आहे, बघ."

रविवारी वेसू शेजारच्या कमलमला घेऊन पुढच्या बाकावर बसली. सार बाजूला. पडद्यावर केळीचं पान आलं, उशाला खोबऱ्याच्या वाट्यांत दिवे आले, आणि चामी आला. लोक डोळे पुसू लागले. वेसूनं मात्र एकदम कमलमचा हात दाबला.

"अगं, बघ! पोट बघ त्यांचं! श्वास घेतायत!"

मागून कुणीतरी "शू" केलं. नीट पाहिलं तर खरंच, कमरेला गुंडाळलेल्या मुंडूच्या वर चामीचं पोट हळूच वर येत होतं, खाली जात होतं. वेसू तोंडावर पदर दाबून रडत होती, आणि हसतही होती.

सार ओशाळून तिच्याकडे झुकले. "चूक राहिली माझी. आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती."

वेसूनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"राहू दे, सार. ती तेवढी कापू नका."