जयंतीचं भाषण

त्या नेत्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं, तर निम्मे वाचक नावापाशीच थांबतील आणि उरलेले माझं आडनाव शोधायला लागतील. एवढंच सांगते की तो फार मोठा माणूस होता. दुष्काळात त्याने धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि त्याच माणसाने विरोधात गेलेल्या एका गावाला बायकापोरांसकट हुसकावून लावलं. पहिली गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. दुसरी जाड ग्रंथांत आहे, आणि ते ग्रंथ आमच्या शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत.

मी पंचवटीतल्या एका शाळेत इतिहास शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली बहुतेक वर्षं मी इतिहास शिकवला नाही, जयंत्याच शिकवल्या, असं आता वाटतं. आमच्याकडे जयंतीचं भाषण मुलं लिहीत नाहीत. ते मॅडम लिहून देतात, मूल घरी पाठ करतं, आणि हात कुठे वर करायचा, आवाज कुठे चढवायचा याच्या पेन्सिलीने खुणासुद्धा करून दिलेल्या असतात. माझी भाषणं नंबर काढायची. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका ती मागून न्यायच्या आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

तो उतरला नववीचे पेपर तपासताना. पाच नेत्यांपैकी कोणत्याही एकाच्या कार्याचं मूल्यमापन करा, असा प्रश्न होता. सगळ्या वर्गाने पाचही नेत्यांवर एकच उत्तर लिहिलं होतं. निःस्वार्थी, दूरदृष्टीचे, जनतेचे कैवारी. फक्त नाव बदललेलं. आणि ती वाक्यं माझीच होती. मला पोरांचा राग आला नाही, स्वतःचा आला.

पुढच्या वर्षी मी ठरवलं, हे बंद. नव्या नववीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नेते राहू द्या, आपापल्या आजोबांबद्दल लिहून आणा. एक चांगली गोष्ट, एक न पटलेली, आणि दोन्ही खऱ्या हव्यात. वर्गात आधी हशा झाला. मग वह्या आल्या. कोणाचे आजोबा भांडण मिटवायला गावोगाव जायचे आणि घरी आजीवर हात टाकायचे. कोणाच्या आजोबांनी देऊळ बांधलं आणि सख्ख्या भावाला बांधावरून कोर्टात खेचलं. एका मुलीने लिहिलं होतं, आजोबांनी सगळ्या वस्तीला पुरेल अशी विहीर खणली, आणि माझ्या आत्याला सातवीतून शाळा सोडायला लावली.

तिने वाचून झाल्यावर उभ्याउभ्याच विचारलं, "मॅडम, मग त्यांचा फोटो भिंतीवर ठेवायचा की काढायचा?"

"ठेवायचा. पण आत्याला विचारून," मी म्हटलं.

वर्ग हसला, ती हसली नाही. ती विचार करत होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एखादं पोर माझ्यासमोर खरोखर विचार करतंय हे मी फार कमी वेळा पाहिलं आहे. तिच्या घरी पालक-मेथी-कोथिंबिरीचा मळा. वडील भल्या पहाटे माल घेऊन पंचवटीच्या बाजारात येत आणि दुपारपर्यंत तिथेच बसत. पोरीचा आवाज खणखणीत, स्पष्ट. जयंतीला तीच बोलणार हे सगळ्या शाळेने धरून ठेवलं होतं.

जयंतीच्या आधी दहा दिवस ती भाषण मागायला आली. तिथे मी माझी हुशारी केली. म्हटलं, "यंदा मी देणार नाही. कपाटातले ते जाड ग्रंथ काढून वर्गात दोन्ही बाजू वाचल्यात ना आपण? तुझं तू लिही." ती घाबरली आणि खूशही झाली. लिहिलेलं दाखवायला आली तेव्हा मी निकालपत्रकांत बुडालेले होते. वहीवर नजर टाकली आणि शाब्बास म्हटलं. शेवटच्या परिच्छेदापर्यंत मी पोचलेच नव्हते.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात होता, पण मांडव, स्पीकर, हार, सगळं भागातल्या जयंती मंडळाचं. दरवर्षी तेच करतात आणि पहिल्या रांगेत तेच बसतात. मुलीने सुरुवात छान केली. कोठारांचा प्रसंग तिने असा सांगितला की मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग ती थांबली आणि म्हणाली, "कोठारं उघडली म्हणून मी त्यांना नमस्कार करते. त्या गावाला हाकलून दिलं, ते मला पटत नाही. दोन्ही त्यांनीच केलं."

टाळ्या वाजल्याच नाहीत. मी घरी पोचून चपला काढेपर्यंत तिचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. त्यात फक्त मधलं वाक्य होतं. पुढचं-मागचं कोणीतरी कापून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही सगळे. मंडळाचे चौघे, मुख्याध्यापक, ती, तिचे वडील आणि मी. वडील बाजारातून तसेच उठून आले होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मंडळाचा अध्यक्ष तिशीतला, अंबडला कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर. आत आल्याआल्या तो वाकून माझ्या पाया पडला. माझाच विद्यार्थी होता.

"मॅडम, तुमच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "आठवीत तुम्ही यांच्यावरच भाषण लिहून दिलं होतं मला. पहिला नंबर आला होता. अजून पाठ आहे सगळं. त्यात असलं काहीच नव्हतं."

त्याने सुरुवातीची चार वाक्यं म्हणूनही दाखवली. हात बरोबर तिथेच वर गेला जिथे मी खूण केली असणार. तो मला खिजवत नव्हता. त्याला ते सगळं मनापासून खरं वाटत होतं, आणि ते त्याला मीच दिलं होतं. मी काय उत्तर देणार होते? की बाबा रे, तुला निम्मंच शिकवलं?

मुख्याध्यापकांनी मुलीला विचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, "कोणी नाही. माझं मत आहे."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी शिकवलं, एवढे दोन शब्द. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत, चौकशी नको, घरी आजारी नवरा आहे, अशी कारणं मी नंतर स्वतःला बरीच दिली. खरं कारण साधं आहे. मी घाबरले.

तिच्या वडिलांनी हात जोडले. "पोरगी हाय साहेब. चुकलं तिचं. मला रोज त्याच बाजारात बसायचं हाय, ह्याच लोकांत. तुम्ही म्हणत असाल तर धाडतो तिला नांदगावला मामाकडं. शाळा बास झाली आता."

शाळा बास म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम उतरला. तोपर्यंत ती ताठ उभी होती. मी मध्ये पडले, पण कशी, तर तडजोडीला. शाळा सोडवू नका, लेखी माफी देऊ या, पोर लहान आहे, असं काहीबाही बोलत राहिले. अध्यक्षाला ते लगेच पटलं. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहा ना. तुमच्यासारखं कोणाला जमायचं नाही."

मी लिहिलं. फूलस्केप कागदावर, मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसून. अज्ञानामुळे माझ्याकडून थोर नेत्याबद्दल चुकीचे उद्गार निघाले, मला त्याचा मनापासून पश्चात्ताप होत आहे. हात थांबला नाही, एक खाडाखोड झाली नाही. याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

मंडळी व्हरांड्यात चहा प्यायला गेली. वडीलही त्यांच्यामागे गेले, लांब उभे राहिले. खोलीत आम्ही दोघीच उरलो. तिने कागद सावकाश वाचला, परत पहिल्यापासून वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथे 'अज्ञानामुळे' लिहिलंय. पण आपण तर वाचून बोललो ना?"

"असंच लिहायचं असतं," मी म्हटलं.

तिने पेन घेतलं, टोपण काढलं, आणि पुन्हा थांबली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी सही करते. नाहीतर पप्पा शाळेतून काढतील. पण तुम्ही फक्त मला सांगा. बाहेर नका सांगू कोणाला. मी बोलले ते चूक होतं का?"

दार लोटलेलं होतं. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. नाही बाळा, चूक नव्हतं, एवढं तिच्या कानात म्हणायला मला कोणाची परवानगी लागणार नव्हती. बाहेर कप खाली ठेवल्याचा आवाज आला, ते परत येत होते.

मी म्हटलं, "आधी सही कर."

तिने केली. कागद माझ्या हातात दिला, आणि त्यानंतर वर्षभर ती माझ्या तासाला दुसऱ्या बाकावर बसली, सगळा गृहपाठ वेळेवर आणला, आणि एकही प्रश्न विचारला नाही.